पूलचा खेळ अडकलाय, तीन दिवसांचं समोरासमोर कोचिंग घ्यावं का? (नाशिक)

नाइनबॉल_सातपूर

मंडळी, नमस्कार. पूल (क्यूने, म्हणजे काठीने, बॉल टेबलच्या पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळायला लागून तीन वर्षं झाली. आठवड्यातून चार संध्याकाळी, दर वेळी दोन तास. टेबल आठ फुटी. पहिल्या दीड वर्षात खेळ भराभर वाढला, गेले दहा महिने मात्र जिथल्या तिथे आहे. नाइन-बॉलमध्ये (एक ते नऊ नंबरचे बॉल) घोस्टबरोबर, म्हणजे कधीच न चुकणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याबरोबर, सातची रेस (आधी सात रॅक, म्हणजे डाव, जिंकायचे) लावली की माझे दोन रॅक होतात, चांगल्या दिवशी तीन. चार-पाच बॉल व्यवस्थित जातात, मग एखादा सोपा पॉट (पॉकेटमध्ये जायचा बॉल) हुकतो नाहीतर व्हाइट, म्हणजे ज्याने मारतो तो पांढरा बॉल, भलतीकडे जाऊन बसतो.

मोबाइलवर व्हिडिओ बघून स्टान्स (उभं राहणं), ग्रिप (क्यूची पकड), ब्रिज (क्यूला पुढच्या हाताचा आधार) सगळं दोन-तीनदा बदलून झालं. आता पुण्यात एका प्रशिक्षकांचं तीन दिवसांचं कोचिंग आहे, रोज सहा तास. एकट्याने घेतलं तर फी बरीच जास्त, चौघांच्या बॅचमध्ये कमी. जाणं-येणं, राहणं, वर टेबलचं भाडं धरलं तर रक्कम मोठी होते.

विचारायचं असं, की अडकलेला खेळ तीन दिवसांत सुटतो का? एकट्याने घ्यावं की बॅचमध्ये? प्रशिक्षक चांगला आहे हे पैसे भरायच्या आधी कसं ओळखायचं? आणि शिकवणारे मूळचे स्नूकरचे आहेत, त्याने काही बिघडतं का?

फुलबॉल

तीन दिवसांत खेळ सुटत नाही. गाठ नेमकी कुठे बसली आहे ते कळतं, आणि ती सुटल्यावर हाताला कसं वाटतं हे एकदा जाणवतं. सोडवायचं काम त्यानंतर दीड-दोन महिने आपल्याच टेबलवर करावं लागतं. एवढं मान्य असेल तर जरूर जा. समोरच्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं ते आपल्याला क्यूवर वाकल्यावर कधीच दिसत नाही.

पण जाण्याआधी मोजून घ्या. ‘पॉट हुकतो किंवा व्हाइट भलतीकडे जातो’ एवढंच सांगितलंत तर त्यांचा पहिला अख्खा दिवस शोधाशोधीत जाईल आणि त्याचे पैसे तुम्ही भराल.

घोस्टचे वीस रॅक खेळा, दोन-तीन संध्याकाळी मिळून. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: ब्रेक, म्हणजे मांडलेले बॉल फोडणारा पहिला फटका, करायचा, ब्रेकवर गेलेले बॉल बाहेरच, मग व्हाइट हातात घेऊन हवा तिथे ठेवायचा. सगळे क्रमाने गेले तर रॅक आपला, एकही हुकला तर घोस्टचा.) रॅक जिथे तुटला तिथे थांबायचं आणि वहीत एकच शब्द लिहायचा: पॉट, पोझिशन की बेत. पॉट म्हणजे शॉट बरा होता, बॉल गेला नाही. पोझिशन म्हणजे व्हाइट ठरवला तिथे आला नाही. बेत म्हणजे व्हाइट ठरवला तिथेच आला, पण ठरवलेली जागाच चुकीची होती.

आता खरी महत्त्वाची पायरी. तोच शॉट पुन्हा मांडा आणि पाच वेळा खेळा. बॉलची जागा पक्की राहावी म्हणून फाइलच्या भोकांना लावतात त्या कागदी गोल चकत्या कापडावर चिकटवा, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पाचात चार-पाच गेले तर हात ठीक आहे, मॅचमध्ये घाईने किंवा अर्धवट ठरवून खेळताय. पाचात दोनच गेले तर दोष हातात किंवा नजरेत आहे, आणि समोरासमोर कोचिंगचा खरा उपयोग तिथेच आहे.

दुसरी परीक्षा, सरळ स्टॉप शॉटची. बॉल टेबलच्या अगदी मध्यावर ठेवा. कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जाणारी सरळ रेषा मागे वाढवा आणि तिच्यावर तीन फूट अंतरावर व्हाइट ठेवा. पॉट करायचा आणि व्हाइट जागेवर थांबवायचा. वीस वेळा. पॉट किती गेले आणि व्हाइट किती वेळा खरंच थांबला, दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.

हा शॉट दिसायला पोरखेळ आहे, पण हिशेब बघा. आठ फुटी टेबलवर मध्यापासून कोपरा साधारण ४९ इंच. पॉकेटचं तोंड साडेचार इंच आणि बॉल सव्वादोन इंच धरला तर दोन्ही बाजूंना सव्वा इंचाहून थोडी कमी सूट मिळते. ती सूट उलटी मोजत आणली, तर व्हाइट बॉलला भिडताना बाजूला फार तर सव्वा मिलिमीटर सरकलेला चालतो. तीन फुटांच्या प्रवासात सव्वा मिलिमीटर म्हणजे एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी चूक. म्हणून ‘सोपा पॉट हुकला’ याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. हातातली बारीकशी चूक लांबच्या सरळ शॉटवर उघडी पडते आणि जवळच्या शॉटवर झाकली जाते, एवढाच त्याचा अर्थ.

मिडल_पॉकेट

मोजून जाण्याबद्दल फुलबॉल यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी कोचिंगच्या बाजूने लिहितो.

एकट्याने की बॅचमध्ये, याचं उत्तर एका टेबलला किती माणसं यावर आहे. एका टेबलला दोघं असतील तर बॅच चालते, एका दृष्टीने बरीही पडते. एक खेळतो, दुसरा त्याच्या मागे उभा राहून क्यूची रेषा बघतो. दुसऱ्याचा दोष बघायला शिकलं की आपला व्हिडिओ वाचता येतो. एका टेबलला चौघं असतील तर सहा तासांतले दीड तास तुमचे आणि बाकी बाकावर. त्यापेक्षा एकट्याने दीड दिवस घेतलेला चांगला.

पैसे भरण्यापूर्वी फोनवर हे विचारा. स्ट्रोकचा व्हिडिओ काढता का, किती बाजूंनी, आणि तो मला देता का? पहिल्या तासात काय करता? या प्रश्नाला ‘आधी तुमचा खेळ बघतो, काही सांगत नाही’ असं उत्तर आलं तर माणूस जाणता आहे. ‘आधी माझा स्टान्स शिकवतो’ असं आलं तर जपून. प्रत्येकाच्या उंचीला, खांद्याला, डोळ्यांना एकच साचा बसत नाही. शेवटी लेखी काय देता? सरावाचं वेळापत्रक आणि महिन्याभराने व्हिडिओ बघून पुन्हा बोलणं फीमध्ये धरलेलं असावं. टेबलचं भाडं फीमध्ये आहे की वेगळं, टेबल नऊ फुटी की आठ, हेही तेव्हाच विचारून घ्या.

पहिल्या दिवशी क्यू सरळ येते का, यापलीकडे फार जाऊ नये. मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन लावून तीन जागांहून शूटिंग: शॉटच्या रेषेत मागून, क्यूच्या उंचीवर, म्हणजे कोपर रेषेबाहेर जातं का दिसतं; बाजूने, म्हणजे टिप (क्यूचं टोक) व्हाइटला लागते त्या क्षणी कोपराखालचा हात सरळ खाली लोंबतोय का ते दिसतं; आणि समोरून, पलीकडच्या कुशनवर (टेबलच्या रबरी कडेवर) मोबाइल टेकवून, म्हणजे हनुवटी क्यूच्या नेमकी वर आहे की एका डोळ्याकडे सरकलेली ते दिसतं. ही तिसरी बाजू बहुतेक जण काढतच नाहीत, आणि अडकलेल्या खेळाडूंचा दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो. डोकं दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे गेलं की तिरकी रेषा सरळ वाटते. मग हात आपोआप शेवटच्या क्षणी वळवून बॉल पॉकेटकडे नेतो. रोज थोडा वेगळा वळवतो, म्हणून एक दिवस सगळं जातं आणि दुसऱ्या दिवशी काहीच जात नाही.

याच दिवशी पट्ट्याच्या बॉलचा प्रयोग होतो. नऊ नंबरचा बॉल व्हाइटच्या जागी ठेवायचा, पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत. टिपला ताजा चॉक लावून मधोमध मारायचं, समोर दुसरा बॉल न ठेवता. पट्टा न डगमगता चाकासारखा फिरत गेला तर फटका मधोमध. पट्टा लडबडला तर नको असलेली साइड (बाजूची फिरकी) लागली. मग बॉल उचलून चॉकचा निळा ठिपका बघायचा: पट्ट्याच्या मध्यावर आहे, की डाव्या कडेला? ठिपका खोटं बोलत नाही. दर फटक्यानंतर पुसून टाका, कारण चॉकचा डाग नेमका दोन बॉल भिडतात तिथे आला तर बॉल चिकटल्यासारखा ढकलला जातो आणि चांगला पॉटही हुकतो.

दुसरा दिवस व्हाइटचा. स्टन असेल (व्हाइट न फिरता, घसरत जाऊन लागला) तर व्हाइट बॉलच्या रेषेला काटकोनात निघतो. नुसता घरंगळत जाऊन लागला तर पाव ते पाऊण बॉलच्या कटमध्ये (तिरक्या शॉटमध्ये) आपल्या मूळ रेषेपासून साधारण ३० अंश वळतो. या दोन रेषा पक्क्या झाल्या की मधल्या सगळ्या रेषा म्हणजे वेग आणि उंचीचं मिश्रण. प्रशिक्षकाने इथे ए-फोर कागद टेबलवर ठेवून व्हाइट त्याच्यावर थांबवायला लावावं. आधी सहा जागा, मग कागद अर्धा दुमडून. वेगाचा अंदाज असाच बसतो.

तिसरा दिवस रॅक वाचणं, सेफ्टी (समोरच्याला अवघड जाईल असा बचावाचा शॉट), ब्रेक. किक (व्हाइट आधी कुशनला) आणि बँक (बॉल कुशनवरून पॉकेटकडे) यांच्या डायमंड, म्हणजे टेबलच्या कडेवरच्या खुणा, मोजायच्या पद्धतींवर या तीन दिवसांतला वेळ घालवू नका. त्या वहीतून, व्हिडिओतून शिकता येतात. माणूस समोर आहे तोवर फक्त समोरच्या माणसालाच दिसेल तेवढं काढून घ्या.

स्नूकरच्या प्रशिक्षकाने बिघडत नाही, सरळ क्यूइंगसाठी तर ते उत्तमच. ॲलिसन फिशर स्नूकर सोडून १९९५ मध्ये अमेरिकेत पूलकडे वळल्या आणि महिलांच्या पूलवर त्यांनी राज्य केलं, ते या सरळ क्यूच्या बळावरच. फक्त त्यांना फरक माहीत आहेत का ते बघा. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर, पूलचा ५७.१५. स्नूकरची टिप साडेनऊ-दहा मिलिमीटर, पूलची बारा-तेरा. स्नूकरचं कापड लव असलेलं, पूलचं बहुतेक ठिकाणी बिनलवीचं, जास्त धावणारं. पूलच्या जाड शाफ्टने (क्यूच्या पुढच्या भागाने) साइड मारली की व्हाइट रेषेबाहेर जास्त फेकला जातो. ‘साइड मारूच नका’ असा सल्ला आला तर तो अर्धाच आहे. पूलमध्ये साइडशिवाय पोझिशन होत नाही.

बेत_आधी

वरची दोन्ही उत्तरं मोलाची आहेत, पण मला वाटतं आपण सगळे फार लवकर हाताकडे बोट दाखवतो. चार-पाच बॉल व्यवस्थित काढणाऱ्या माणसाचा हात वाईट नसतो. पाचव्या बॉलला पोचेपर्यंत व्हाइट दर शॉटला थोडा थोडा चुकत गेलेला असतो आणि शेवटी जो ‘सोपा’ पॉट हुकतो तो सोपा राहिलेलाच नसतो. लांबचा, कुशनला चिकटलेल्या व्हाइटने खेळलेला, वर साइड लावून. वहीत मात्र ‘पॉट’ लिहिलं जातं.

म्हणून फुलबॉल यांच्या नोंदीत एक भर घाला: हुकलेल्या शॉटच्या आधीच्या शॉटला व्हाइट कुठे हवा होता आणि कुठे आला, एवढं लिहा.

परीक्षा तीन बॉलची. तीन बॉल टेबलवर हाताने सोडा, चिकटलेले नकोत. व्हाइट हातात घ्या आणि नंबरने काढा. वीस वेळा. तीन बॉलचे वीसपैकी पंधरा-सोळा निघत असतील आणि पाच बॉलचे वीसपैकी सहा-सात, तर हाताने तीन बॉलपर्यंत दगा दिलेला नाही. पुढची घसरण बेताची आहे. तीन बॉललाच दहाच्या खाली असाल, तर मात्र वरच्या दोघांचं ऐका.

बेत म्हणजे काय ते एका उदाहरणात सांगतो. तीन नंबर डाव्या कोपऱ्याजवळ, चार उजव्या लांब कुशनजवळ, पाच मध्यावर. बरेच जण तीनवरून चारकडे कसंही पोचतात, ‘दिसतोय ना’ म्हणून. चारवर व्हाइट ज्या बाजूला हवा ते पाच ठरवतो. चारच्या योग्य बाजूला थोडा कोन ठेवून आलात तर चार मारल्यावर व्हाइट कुशनला लागून आपसूक मध्याकडे येतो. चुकीच्या बाजूला आलात, अगदी सहा इंचांनी जरी, तर कुशनवरून जोराने टेबलभर फिरवावा लागतो. आणि चारशी बरोबर सरळ आलात तर तेही फसवं, कारण सरळ शॉटवरून व्हाइट फक्त पुढे-मागे जातो, बाजूला जात नाही.

दुसरं, पुढचा बॉल जिथून मारता येतो त्या पट्ट्यात व्हाइट लांबीने आणा, आडवा कापत नेऊ नका. लांबीने आला तर वेग फूटभर चुकला तरी शॉट राहतो. आडवा गेला तर तीन-चार इंचांत बाजू बदलते.

हे शिकवणारा माणूस मिळाला तर त्याला टेबलशेजारी बसवा आणि दर शॉटआधी मोठ्याने सांगा: हा बॉल, व्हाइट इथे, का. निम्मा दिवस असा गेला तरी मोठं काम होईल. क्लबमधल्या एखाद्या जुन्या मार्करलाही (टेबल आणि गुण सांभाळणाऱ्यालाही) हे फार चांगलं जमतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे रॅक बघून त्यांची नजर तयार झालेली असते.

नाइनबॉल_सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार संध्याकाळी लावून परीक्षा केल्या.

घोस्टचे वीस रॅक: सहा माझे, चौदा घोस्टचे. चौदापैकी पॉट आठ, पोझिशन चार, बेत दोन. आठ पॉटपैकी सहा पुन्हा मांडल्यावर पाचात दोन किंवा तीनच गेले. आठपैकी तीन वेळा व्हाइट आधीच्या शॉटला चुकून कुशनला चिकटला होता, बेत_आधी यांनी सांगितलं तसंच.

स्टॉप शॉट: वीसपैकी अकरा पॉट, व्हाइट खरा थांबला फक्त सात वेळा. हुकलेले नऊपैकी सात बॉल पॉकेटच्या डाव्या बाजूला लागले. थांबलेला व्हाइट बऱ्याचदा जागेवर गरगरत राहतो.

तीन बॉल: वीसपैकी बारा. ब्रिज (पुढच्या हातापासून व्हाइटपर्यंतचं अंतर) साधारण १३ इंच आहे, आधी कधी मोजला नव्हता.

फुलबॉल

आता बोलता येतं. नऊपैकी सात एकाच बाजूला म्हणजे नशीब नाही, दोष एकच आहे आणि कायमचा आहे. ही चांगली बातमी आहे, कारण विखुरलेल्या चुका दुरुस्त करायला फार वेळ लागतो. जागेवर गरगरणारा व्हाइट सांगतो की टिप मध्याला लागत नाही. गरगर कुठल्या दिशेला आहे ते पट्ट्याच्या बॉलने बघा. ठिपका डावीकडे येतो का उजवीकडे, ते कळलं की प्रशिक्षकाकडे नेण्यासारखी नेमकी ओळ तयार झाली.

यात किती फरक पडतो ते बघा. क्यू रेषेशी समांतर राहून टिप फक्त एक मिलिमीटर बाजूला लागली, तर साध्या शाफ्टवर व्हाइट तीन फुटांत ढोबळमानाने अडीच-तीन मिलिमीटर विरुद्ध बाजूला जातो. सूट होती सव्वा मिलिमीटर.

आता ब्रिज. प्रत्येक शाफ्टला एक लांबी असते. ब्रिज तेवढ्याच लांबीवर असला आणि हात ब्रिजभोवती किंचित वळला, तर क्यूचा तिरकेपणा आणि व्हाइटचं फेकलं जाणं एकमेकांना बऱ्यापैकी खाऊन टाकतात. ती अशी शोधा. दोन-अडीच फुटांवर बॉल, पूर्ण समोरासमोर. व्हाइटच्या मध्यावर नेम धरा. ब्रिजचा हात अजिबात न हलवता मागचा हात सरकवून टिप डावीकडे एक टिपभर न्या आणि त्याच रेषेत जोरात मारा. हळू मारू नका, हळू मारलं की व्हाइट वाटेत वळतो आणि वाचन बिघडतं. व्हाइट बॉलला पूर्ण लागला तर ब्रिज बरोबर. डावीकडे गेला तर ब्रिज लांब करा, उजवीकडे गेला तर आखूड. बहुतेक साध्या शाफ्टना ही जागा आठ ते चौदा इंचांत कुठेतरी सापडते, लो-डिफ्लेक्शन (व्हाइट कमी फेकणाऱ्या) शाफ्टना त्याहून लांब.

तरीही १३ इंच रोजच्या शॉटला लांबच वाटतो. लांब ब्रिजमध्ये मागची प्रत्येक चूक टिपपाशी मोठी होऊन येते. आठ-नऊ इंचांवर आणून वीस स्टॉप शॉट पुन्हा मोजा. फक्त ब्रिज बदला, बाकी काही नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. तुमचे दहा महिने असेच गेले असणार.

द्वारका_ब्रेक

टेबल आणि सोयीबद्दल थोडं, कारण याकडे दुर्लक्ष होतं आणि मग परत आल्यावर ‘तिथे जमत होतं, इथे जमत नाही’ सुरू होतं.

नऊ फुटी टेबलचा खेळायचा भाग १०० बाय ५० इंच, आठ फुटीचा ८८ बाय ४४. डायमंडमधलं अंतर साडेबारा इंचांचं अकरा होतं. कोचिंग नऊ फुटीवर झालं तर वेगाचे सगळे अंदाज घरी जास्त पडतील. दोष नाही, एका आठवड्यात जुळतं, पण तेवढ्यात घाबरून स्ट्रोक बदलू नका. नव्या कापडावर व्हाइट घसरत जातो, स्क्रू (व्हाइट मागे आणणारी फिरकी) जास्त येतो. जुन्या, मळलेल्या कापडावर फिरकी लवकर मरते. नाशिकच्या पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि व्हाइट कमी धावतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कुशनचं रबर मंद असतं. सरावाचे आकडे लिहिताना हवा कशी होती तेही लिहा.

बॉल धुतलेले आहेत का बघा. मळके बॉल कटच्या हळू शॉटला बॉलला पुढे ढकलतात, स्टनच्या हळू अर्ध्या बॉलला तर फुटामागे जवळपास इंचभर. लोकांना वाटतं नेम जाड (बॉलवर हवा त्यापेक्षा भरून) लागला. क्लबमध्ये कोणी पुसत नसेल तर मायक्रोफायबरचं ओलसर फडकं घेऊन स्वतः पुसा, मग कोरडं फडकं मारा. दोन मिनिटांचं काम.

टिप कोचिंगच्या आदल्या आठवड्यात बदलू नका. बदलायची असेल तर पंधरा दिवस आधी बदला, आकार देऊन घ्या आणि बसू द्या. क्यू आपलीच न्या, तिथली नको.

आणि एक सुचवतो. नाशिकमधले तुमच्याच पातळीचे तीन-चार जण जमवा आणि प्रशिक्षकांनाच इकडे बोलवा. एका माणसाचं येणं-राहणं चौघांत वाटलं की प्रत्येकाने सिन्नर-संगमनेर करत पुण्याला जाण्यापेक्षा स्वस्त पडतं. शिवाय शिकवणं तुमच्याच टेबलवर, तुमच्याच कापडावर होतं. क्लबवाल्यांशी बोलून मंगळवार-बुधवारी सकाळी दोन टेबलं घ्या, तेव्हा गर्दी नसते आणि भाड्याचंही बोलता येतं. शनिवार-रविवारी संध्याकाळी कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे टेबल रिकामं मिळणं कठीण, शेजारच्या टेबलवाल्याची क्यू लागते ती वेगळीच.

सहा तास सलग ठेवू नका. सकाळी तीन, दुपारी जेवणानंतर एक तास नुसते व्हिडिओ बघायचे, मग दोन तास टेबल. चौथ्या तासानंतर पाठ आणि मान दुखायला लागली की डोकं आपोआप वर येतं आणि सकाळी बसवलेलं दुपारी मोडतं.

मिडल_पॉकेट

नाइनबॉल, तुमच्या आकड्यांवरून माझं मत पक्कं आहे: कोचिंग घ्या, पण तीन दिवस नकोत. आता एक दिवस, फक्त रेषा, डोकं आणि टिपसाठी. सहा आठवड्यांनी दुसरा दिवस, तेव्हा व्हाइट आणि बेत. तीन दिवसांचं सगळं एकदम घेतलं तर दुसऱ्या दिवशीचं शिकणं अजून न बसलेल्या स्ट्रोकवर उभं राहील. प्रशिक्षक तयार होतील का ते विचारा. जाणता माणूस बहुधा हो म्हणेल.

मधल्या सहा आठवड्यांचं सांगतो. पहिले पंधरा दिवस मॅच बंद, पैजेचा खेळ तर नाहीच. मॅचमध्ये हात जुन्या वाटेने जातो, कारण जिंकायचं असतं. रोज पहिली पंधरा मिनिटं पट्ट्याचा बॉल, मग पन्नास स्टॉप शॉट: दहा एका फुटावरून, वीस दोन फुटांवरून, वीस तीन फुटांवरून. प्रत्येक शॉटला उभं राहून ठरवायचं, वाकायचं, टिप व्हाइटपाशी थांबवायची, मागे नेऊन क्षणभर थांबायचं, सोडायचं आणि बॉल पॉकेटमध्ये पडेपर्यंत तसंच खाली राहायचं. शंका आली तर वाकूनच नेम दुरुस्त करायचा नाही. उठायचं, पुन्हा उभं राहून ठरवायचं. तुमच्या डावीकडच्या चुकीचं मूळ मला इथेच वाटतं.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन बॉल, रोज दहा वेळा. वीसपैकी सोळा झाले की चार बॉल. पाचव्या आठवड्यात घोस्ट, पण पाच बॉलचा. आकडे पहिल्या दहा-बारा दिवसांत आधीपेक्षा खाली जातील. हात जुनी दुरुस्ती करायचं विसरतोय आणि नवी रेषा अजून बसली नाही, म्हणून. याच दिवसांत माणूस जुन्या स्टान्सवर परत जातो. तेव्हा पॉट मोजू नका, थांबलेले व्हाइट मोजा. तो आकडा आधी सुधारतो, पॉट मागून येतात.

दर रविवारी मागून आणि समोरून दहा-दहा शॉटचा व्हिडिओ, त्याच टेबलवर, मोबाइल त्याच जागी. स्टुलावर पाण्याची बाटली ठेवून तिला टेकवला तरी चालतो, फक्त उंची क्यूएवढी यायला हवी. स्टुलाच्या पायांपाशी फरशीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, नाहीतर दोन आठवड्यांचे व्हिडिओ शेजारी लावून तुलना करता येत नाही.